दाजींची वायर

ज्याच्यावर ओरडता येत नाही असा माणूस साउंडच्या धंद्यात भागीदार म्हणून घेऊ नये. हे मला फार उशिरा कळलं, कारण माझे भागीदार माझे दाजी आहेत. थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे घरचे जावई. सांगलीतली नोकरी सुटल्यावर ते आमच्याकडे कराडला आले आणि आईनं त्यांना माझ्या दुकानात बसवलं. दुकानात म्हणजे एक डीजेचा मिक्सर, आठ बॉक्स, एक जनरेटर, एक टेम्पो आणि माझा स्वभाव.

स्वभावाचं सांगायचं तर तो तापट आहे. साउंडवाल्याचा असतोच. स्टेजवर कुणी माइक हातात घेऊन त्यावर टिचक्या मारल्या की माझ्या डोक्यात जातं. कुणी फुंकर मारली तर त्याहून जास्त. आधीचे दोन गडी माझ्या तोंडाला कंटाळून गेले. दाजी मात्र जाऊ शकत नव्हते आणि मी त्यांना बोलू शकत नव्हतो. त्यांनी चालू लाइनवर अ‍ॅम्प्लिफायरची वायर उपटली आणि बॉक्समधून तोफ उडाल्यासारखा आवाज झाला, तरी मला एवढंच म्हणता यायचं, "दाजी, आवं जरा आधी आवाज खाली घेतला असता तर बरं झालं असतं." दाजी शांतपणे म्हणायचे, "पाव्हणं, वाजलं ना? म्हंजे बॉक्स जित्ता हाय."

पण गोष्ट सांगायची आहे ती माण तालुक्यातल्या एका लग्नाची.

दहिवडीच्या पलीकडच्या एका वाडीतून एक बाई दुकानात आल्या होत्या. मुलीचं लग्न होतं. बाईंचा नवरा फौजेत, लांबच्या ठाण्यावर, आणि ऐन लग्नाच्या आधी त्याची सुट्टी रद्द झाली होती. लग्न पुढं ढकलायचं तर मुलाकडचे तयार नव्हते. बाई रडल्या वगैरे नाहीत. त्यांनी पदरानं घाम पुसला आणि सरळ काम सांगितलं.

"भाऊ, पोरगी ल्हान व्हती तवापास्नं तिचं पप्पा म्हणत्यात, तुझ्या लग्नात मंगलाष्टक मीच म्हणणार. आता त्ये काय येत न्हाईत. पर फोनवरनं म्हणणार हायती. बारा-सदतिसाचा मुहूर्त हाय. त्यास्नी पंधरा मिनटं फोन मिळणार. त्यांचा आवाज सगळ्या मांडवात आला पायजे."

"चांगलं म्हणतात का?" मी विचारलं.

"लय बेसूर हायती," बाई म्हणाल्या, "पर तुमी त्यात काय बदल करू नगा."

काम सोपं वाटलं. फोन मिक्सरला लावायचा, एवढंच. ते तर हल्ली शाळेतली पोरंही करतात. पण वाडीवर जाऊन जागा बघितली आणि अडचण कळली. लग्न शाळेच्या मैदानात, आणि मैदानात रेंज नाही. रेंज फक्त शेजारच्या पाण्याच्या टाकीवर. वाडीतली सगळी महत्त्वाची बोलणी टाकीच्या जिन्यावर होतात, हे आम्हाला सरपंचांनीच जिन्यावर बसून सांगितलं. म्हणजे फोन राहणार टाकीवर आणि मिक्सर स्टेजच्या बाजूला, मध्ये चांगलं शंभर-सव्वाशे फुटांचं अंतर. ब्लूटूथ तिथवर पोचायच्या आत दम टाकणार. एवढ्या लांब साधी बारीक वायर ओढली तर नुसती घुंई ऐकू येणार.

"पाव्हणं," दाजी म्हणाले, "वायर मी बनवतो."

आणि त्यांनी बनवली. दोन दिवस घरी बसून, चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन. जाड, चांगल्या प्रतीची माइकची केबल. एका टोकाला फोनची बारीक पिन, दुसऱ्या टोकाला माइकला असते तशी तीन पिनांची कॅनन. मधे एकही जोड नाही. सोल्डरिंगचे डाख असे सुबक की बहिणीनं शेजारणीला बोलावून दाखवले. आईनं तर वायरीला हळद-कुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं. मला म्हणाली, "बघ, जावयाच्या हातात किती कसब आहे. तू नुसता ओरडतोस."

कॅनन उघडून आत कोणती तार कुठं लावली आहे ते मी बघायला हवं होतं. गड्यानं बनवली असती तर बघितलीच असती. पण जावयानं केलेलं काम त्याच्या देखत उघडून तपासायचं म्हणजे वाढलेल्या ताटाचा वास घेऊन बघण्यासारखं. मी म्हटलं, "झकास झाली, दाजी." ही माझी चूक, आणि ती मी अजूनही दाजींच्या नावावर टाकत नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी आठलाच पोचलो. बॉक्स लागले, जनरेटर सुरू झाला. फोनच्या कामासाठी दाजींची नेमणूक टाकीवर. हल्लीच्या फोनला पिनेचं भोकच नसतं, त्यामुळे आधी अ‍ॅडॉप्टरची एक छोटी शेपटी लावायची आणि त्या शेपटीला दाजींची वायर. दाजी वर उन्हात टोपी घालून बसले, फोन मांडीवर आणि वायर कठड्याला दोरीनं बांधलेली. मी खालून हात केला. त्यांनी फोनमधलं एक लग्नाचं गाणं लावलं आणि ते मांडवात वाजायला लागलं.

वाजलं, पण काहीतरी उणं होतं. बेस पातळ. मी बॉक्सची दिशा बदलली, नॉब फिरवले. माझ्याजवळच्या बॉक्सला टेकून एक धनगर म्हातारबा बसले होते, डोक्याला भलं मोठं मुंडासं. ते मान वाकडी करून ऐकत होते.

"वाजाप हाय," ते म्हणाले, "पर गाणारी बाई कुटं गेली? हिरीत पडल्यावानी लांबनं वरडतीया."

"बाबा, हल्लीची गाणी तशीच असतात," मी जरा तोडूनच म्हटलं. ज्याच्यावर ओरडायचं तो टाकीवर होता, म्हणून थोडं म्हातारबांच्या वाट्याला गेलं. त्यांनी तंबाखू मळली.

टाकीवरून दुसऱ्या कुणाला खरा फोन लावून बघायचं तेव्हा सुचलं नाही. खाली रेंज नाही, आणि नवरीच्या वडिलांचा, म्हणजे फौजी साहेबांचा, फोन ठरल्या वेळीच लागणार. आवाज येतोय ना, मग झालं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

त्यानंतर भटजींचा माइक. साडेअकरा वाजले होते, मांडव भरत आला होता आणि बायकांनी पुढच्या रांगांतून अक्षता वाटून टाकल्या होत्या. मी स्टेजवर गेलो आणि भटजींना म्हटलं, "गुरुजी, जरा आवाज द्या. नेहमी म्हणता तसाच." मी माझ्या परीनं बरोबर बोललो होतो. लोक चाचणीला मिळमिळीत बोलतात आणि नंतर एकदम गळा काढतात, मग माइक शिट्टी मारतो. म्हणून मी प्रत्येकाला म्हणतो, नेहमीसारखा द्या.

भटजी धंद्याला पक्के. त्यांनी घसा साफ केला, डोळे मिटले आणि आपला नेहमीचा आवाज दिला.

"शुभमंगल सावधाऽऽन!"

चारशे माणसांचे हात एकाच वेळी वर गेले. माणसं गप्पा मारत होती, स्टेजकडे कुणाचं लक्षही नव्हतं, पण हाताला सवय असते. तांदळाचा पाऊस पडला. मांडवाबाहेर बँडवाले चहा पीत होते, त्यांनी कप टाकले आणि तडाखेबंद वाजवायला सुरुवात केली. कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. नवरी अजून शाळेच्या वर्गात वेणी घालून घेत होती आणि नवरदेव देवळात. स्टेजवर आम्ही दोघंच होतो, डोक्यावर अक्षता घेऊन उभे.

"अगं बया," पुढच्या रांगेतली एक आजी म्हणाली, "लगीन कुनाचं लागलं म्हणायचं? त्या मायकवाल्याचं का भटजीचं?"

मांडव हसून लोळला. भटजी लाल झाले. बँड थांबवायला दोन माणसं धावली आणि नवरीची आई, तीच ती दुकानात आलेली, परत तांदूळ रंगवायला बायकांना घेऊन गेली. जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊ, तेवढा फोन तरी नीट करा." मी मान डोलावली. मिक्सरवर जाऊन पाहतो तर त्यावरही अक्षता. आवाज वर-खाली करायच्या पट्ट्यांच्या फटीत लाल-पिवळे दाणे जाऊन बसलेले. मी मिक्सर उताणा करून झटकला, ब्रशनं टोकरला, तोंडानं फुंकला. माइकवर फुंकर मारणाऱ्यांना मी काय काय बोललो होतो ते तेव्हा आठवलं.

साडेबारा वाजले. नवरा-नवरी पाटांवर उभे राहिले, मधे अंतरपाट धरला गेला. टाकीवरून दाजींनी टोपी हलवली. फोन लागला होता. भटजींनी दोन मंगलाष्टकं म्हटली आणि मग माइकवर जाहीर केलं की आता वधूपिता सीमेवरून मंगलाष्टक म्हणतील. टाळ्या वाजवाव्यात की नको हे लोकांना कळेना. मी फोनची पट्टी वर सरकवली.

काही नाही.

अजून वर. काही नाही. अगदी शेवटपर्यंत नेली. बॉक्समधून बारीक सूंऽऽ असा आवाज, पंखा चालू असावा तसा, आणि त्यात माणूस कुठंच नाही.

अशा वेळी हात आपोआप चालतात. चॅनेल बंद आहे का, नाही. गेन? आहे. मुख्य आवाज? आहे, भटजींचा येतोय की. हेडफोन लावून तोच एक चॅनेल ऐकला, तिथंही शुकशुकाट. मग मला अक्षतांचा संशय आला. दाणा अडकला असणार. मी वायर काढून दुसऱ्या चॅनेलला लावली, मग तिसऱ्याला. सगळीकडे तेच.

तोवर माझ्याभोवती सल्लागार जमले होते. एक म्हणाला फेज बदला. एक निवृत्त फौजी म्हणाला, आमच्याकडं असं झालं की आम्ही वरनं एक बुक्की मारायचो, आणि त्यानं ती बॉक्सला मारलीही. नवरदेवाचा एक मित्र म्हणाला फोन बंद करून चालू करा. त्याच्याकडे मी जे पाहिलं, त्यानंतर तो जेवायच्या पंगतीपर्यंत मला दिसला नाही.

मी मांडवाबाहेर धावलो आणि टाकीकडे बघून ओरडलो, "दाजी! फोन कट झाला का?"

"न्हाई!" वरून उत्तर. "चालू हाय! मिनटं पळत्यात!"

"ते बोलतायत का?"

"बोलत असत्याल की! मला कसं ऐकू येणार, आवाज वायरीत गेलाय!"

"मग त्यांना थांबायला सांगा!"

"आवं, मी त्यास्नी सांगितलंय, लय झकास आवाज येतोय म्हणून! म्हणाया लागलं असत्याल!"

माझ्या तोंडाशी जे आलं ते घरच्या जावयाला उद्देशून कुणी आजवर बोललं नसेल. मी ते गिळलं. अजूनही कधी कधी ते वर येतं.

परत मिक्सरवर आलो. भटजींनी प्रसंग ओळखून स्वतःच आणखी एक मंगलाष्टक सुरू केलं होतं, मग आणखी एक. ती इतकी ओढून म्हणत होते की एकेका ओळीत माणूस चहा पिऊन आला असता. घड्याळात बारा तेहतीस. अंतरपाटाच्या अलीकडून नवरी माझ्याकडे बघत होती. नवरीनं खाली बघायचं असतं. ही मान वळवून सरळ माझ्याकडे बघत होती, मुंडावळ्या गालावर आलेल्या, ओठ घट्ट मिटलेले. ती रडत असती तर मला बरं वाटलं असतं. तिकडं लांब कुठंतरी तिचे वडील ठरल्याप्रमाणे गात होते, त्यांना वाटत होतं सगळं गाव ऐकतंय, आणि ते शब्द टाकीपर्यंत येऊन माझ्या मिक्सरमध्ये मरत होते. मला खरंच भीती वाटली. बॉक्स फुटला तर नवा येतो. हे पुन्हा होणार नव्हतं.

सांडलेल्या अक्षतांवरून पाय घसरून मी म्हातारबांच्या शेजारीच बसलो. त्यांचं मुंडासं दिसलं आणि डोक्यात एकदम लख्ख झालं. हिरीत पडलेली बाई! सगळं वाजत होतं आणि नेमकी गाणारी तेवढी गायब होती.

फोनमधून आवाज दोन तारांनी बाहेर येतो, डावा आणि उजवा. दाजींनी सुबकपणे डावी तार एका पिनेवर लावली होती आणि उजवी दुसऱ्या पिनेवर, कारण कॅननमध्ये दोन पिना रिकाम्या दिसत होत्या आणि रिकामी जागा त्यांना बघवत नाही. पण मिक्सरवर माइक लावायचं जे तोंड असतं त्याची रीत वेगळी आहे. ते दोन पिनांवरचा आवाज एकमेकांतून वजा करतं आणि उरेल तेवढाच पुढं सोडतं. लांबच्या वायरीत शिरलेली घुंई मारण्यासाठी ती सोय असते. गाण्यात वाद्यं थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे असतात, म्हणून ती उरली. गाणारी बाई मधोमध उभी, दोन्हीकडे सारखीच, म्हणून ती वजा झाली. आणि फोनवर बोलणाऱ्या माणसाचा आवाज दोन्ही तारांवर तंतोतंत तोच असतो. पाचातून पाच गेले.

वायरीत काही बिघडलेलं नव्हतं. ती इतकी चोख बनली होती की तिनं एका बापाला पूर्णपणे पुसून टाकलं होतं.

कॅनन उपसली, मागचं टोपण दातांनी फिरवून काढलं. आत ते सुंदर डाख, चांदीच्या थेंबासारखे. डाख सोडवायला यंत्र नव्हतं, असतं तरी वेळ नव्हता. हाराच्या टोपलीतली कात्री घेतली आणि घरच्या जावयाची एक तार कापली. पिन परत खुपसली.

बॉक्समधून घुंईऽऽ करत एक जाड आवाज बाहेर पडला.

"...नी बसून हसते दांडीवरी ती पुढे!"

साहेब मधेच होते. त्यांनी मंगलाष्टक स्वतः रचलं होतं, हे तेव्हा कळलं. सायकलच्या पुढच्या दांडीवर बसणारी मुलगी त्यात होती, दोन्ही घरांतले चुलते-मामे होते, कुणी रुसू नये म्हणून सगळ्यांचे उल्लेख होते आणि चाल दर ओळीला वेगळी होती. बाई म्हणाल्या होत्या त्याहून ते जास्त बेसूर होते. मी नॉबला हातसुद्धा लावला नाही. मांडवात एक माणूस हसला नाही. भटजी हात जोडून उभे राहिले होते. टाकीवर दाजी उठून उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून मला खूण करायला लागले की बघ, माझी वायर! मीही हात वर केला. कापलेल्या तारेचं मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही, आणि ती वायर आता त्यांच्या हस्ते दुकानाच्या भिंतीवर टांगलेली आहे.

मंगलाष्टक संपलं. मग त्याच जाड आवाजात, पण जरा चाचरत, साहेबांनी विचारलं, "हॅलो? आवाज आला का?"

त्यांना कोण सांगणार? चारशे माणसं टाकीकडे तोंड करून ओरडली, "आलाऽऽ!" सगळ्यांत मोठा आवाज नवरीचा होता. "आला, पप्पा!" अंतरपाट धरणारे दचकले.

बारा सदतीस. भटजींनी या वेळी खरंखुरं सावधान म्हटलं, अक्षता पडल्या, बँड सुटला, माळ उडाली. त्या गदारोळात माझं लक्ष मिक्सरवर गेलं. फोनच्या चॅनेलचा सगळ्यात खालचा हिरवा दिवा लुकलुकत होता. थांबत होता, परत लुकलुकत होता. माणूस नीट बोलतो तेव्हा दिवे तसे हलत नाहीत. मी पट्टी हळूच खाली घेतली, म्हणजे मांडवात काही जाणार नाही. माझेही डोळे भरून आले होते, आणि बाजूला तो निवृत्त फौजी होता म्हणून मी जनरेटरच्या धुराला शिव्या दिल्या.

तेवढ्यात नवरी हार घालून झाल्या झाल्या स्टेजवरून माझ्याकडे वाकली. "भाऊ, फोन बंद झाला?"

"नाही. चालू आहे. अजून सहा-सात मिनिटं आहेत."

मी गळ्यातले हेडफोन काढले, तारेचा वेढा सोडला आणि तिला दिले. पट्टी खाली असली तरी त्यांत तो चॅनेल ऐकू येतो. मुंडावळ्यांमुळे ते बसेनात. तिच्या आईनं दोन्ही हातांनी मुंडावळ्या वर धरल्या, तेव्हा कुठं बसले. ती स्टेजच्या पायरीवर टेकली, डोळे मिटले आणि ऐकत राहिली. नवरदेव शेजारी उभा राहिला. फोटोवाला हाका मारत होता, तिकडं कुणी पाहिलं नाही. हिरवा दिवा आता सरळ चालत होता. ते काय बोलत होते मला माहीत नाही. हेडफोन एकच होते आणि ते तिच्या कानांवर होते.